बोअरचे पाणी आणि वनस्पतींची मत्स्यटाकी
नांदेड-लातूरकडील बोअरचे पाणी काळ्या बेसॉल्ट खडकातून येत असल्याने बहुधा जड, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असलेले असते. तरीही कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर न लावलेल्या छोट्या टाकीला ते मानवते, कारण व्हॅलिसनेरिया व हायड्रिला या पाणवनस्पती त्यातील बायकार्बोनेटमधूनही कार्बन घेतात आणि गप्पी मासेही त्यात खुशाल वाढतात. घाई मात्र नडते; माशांनी सोडलेल्या अमोनियाचे प्रथम नायट्राइट व मग बरेच कमी घातक नायट्रेट करणारे जिवाणू वाळूत आणि स्पंजात रुजण्यास साधारण महिना-दीड महिना लागतो. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेला की तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करतात, आणि त्या वेळी पृष्ठभागावर टेबलफॅन लावून खाणे कमी करणे महागड्या चिलरपेक्षा परवडते. बाष्पीभवनात पाणी उडते, क्षार उरतात. म्हणून नुसती भर न घालता दर आठवड्याला थोडे जुने पाणी काढावे, जे कुंडीतल्या तुळशीलाही चालते.