ब्रायरमधला खडा आणि पाइपची नवी नळी

अमेरिकेतील जुन्या वस्तूंच्या बाजारात वापरलेल्या तंबाखूच्या पाइपला ‘एस्टेट पाइप’ असे भारदस्त नाव आहे. असा पाइप हाती आला की दोन प्रश्न हमखास पडतात: वाटीवरचा फिकट डाग कशाचा, आणि दातांनी चावून झिजलेली नळी बदलावी का? तंबाखूच्या अपायांविषयी दुमत नाही. येथे विषय आहे तो या वस्तूच्या घडणीचा.

उत्तम पाइपची वाटी बहुधा ब्रायरची असते. भूमध्य समुद्राच्या काठी वाढणाऱ्या एरिका आर्बोरिया या झुडपाच्या मुळाशी धरणारी गाठ म्हणजे ब्रायर. कठीण आणि उष्णता सोसणारी. ती खणून, तुकडे करून कित्येक तास उकळतात आणि महिनोन्महिने वाळवतात. पण झुडूप वाढते खडकाळ जमिनीत, आणि वाढता वाढता गाठ आजूबाजूची वाळू व खडे पोटात घेते. ठोकळा बाहेरून कितीही निर्दोष दिसला, तरी आतले व्यंग कारागिराचे हत्यार तिथवर पोहोचल्याखेरीज कळत नाही. दुसऱ्या महायुद्धात ही आयात आटली, तेव्हा अमेरिकी उत्पादकांनी कॅलिफोर्नियातील मँझनिटा व नॉर्थ कॅरोलायनातील माउंटन लॉरेल या त्याच कुळातील झुडपांच्या गाठी वापरल्या. युद्धानंतर बाजार पुन्हा ब्रायरकडे वळला.

खळगा निघाला की स्वस्त पाइपमध्ये लांबी भरून वर रंग चढवतात. लांबी लाकडासारखा रंग पीत नाही, म्हणून काही वर्षांनी तो डाग उघडा पडतो. याउलट, दाबाने वाळूचा मारा करून किंवा पृष्ठभाग हत्याराने खडबडीत करून व्यंग कोरीव पोतात जिरवणे ही मान्य रीत आहे. असे पाइप गुळगुळीत, निष्कलंक पाइपपेक्षा सहसा स्वस्त मिळतात आणि ओढण्यात काही उणे नसतात. लांबी भरण्यातही गैर नाही, ती लपवून पुरी किंमत घेणे गैर. खरा धोका भिंतीत खोलवर गेलेल्या व्यंगाचा: तेथे उष्णता साचून वाटी जळून आरपार भोक पडू शकते.

नळीचे गणित वेगळे. जुन्या नळ्या एबोनाइटच्या, म्हणजे गंधक घालून कठीण केलेल्या रबराच्या असतात. जुन्या फाउंटन पेनांच्या शौकिनांना हा पदार्थ परिचित असेल. उन्हाने तो हिरवट-तपकिरी पडतो आणि चव बिघडते. एवढ्यासाठी नळी बदलू नये, घासून पॉलिश पुरते. ॲक्रिलिकची नळी फिकी पडत नाही, पण दातांना कडक लागते.

नळी चावून भोक पडले असेल, तर नवी घडवावी लागते. तिच्या टोकाची खुंटी दांड्याच्या भोकात नेमकी बसावी म्हणून लेथवर किंचित किंचित उतरवतात. घट्ट राहिली तर दांडा तडकतो, सैल झाली तर हवा शिरते. नुसती खुंटी मोडली असेल, तर अडकलेला तुकडा काढून जुन्याच नळीला डेलरिन या टणक प्लास्टिकची खुंटी जोडता येते. पाइप गरम असताना नळी उपटणे हे खुंटी मोडण्याचे नेहमीचे कारण.

नळी बदलली की निर्मात्याची खूणही जाते. डनहिलचा पांढरा ठिपका नळीवरच असतो, आणि तो नसेल तर संग्राहक कमी पैसे देतात. म्हणून दुरुस्तीला देतानाच जुनी नळी परत हवी असे सांगावे आणि ती पाइपसोबत जपून ठेवावी.