स्लो मोशन : डोळ्यांना न दिसणारे पाहण्यासाठी

व्हिडिओ म्हणजे भराभर दाखवलेली छायाचित्रे. प्रत्येक छायाचित्राला फ्रेम म्हणतात. साधा व्हिडिओ सेकंदाला ३० फ्रेम टिपतो. तो चौपट संथ केला की प्रत्येक फ्रेम चार वेळा दाखवावी लागते व चित्र अडखळते. मात्र १२० फ्रेमने चित्रण करून ते ३० ने दाखवले, तर एका सेकंदाचे चार सेकंद होतात आणि हालचाल सलग राहते.

शटरचा वेग फ्रेमच्या दुप्पट, म्हणजे १२० साठी १/२४० सेकंद ठेवावा. इतक्या थोड्या वेळात प्रकाश कमी मिळतो, म्हणून उन्हात चित्रण करावे. जुनी ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. तिच्या उजेडात चित्र थरथरते.

आमच्या हाउसच्या उंच उडीपटूची दांडी वारंवार पडत होती. पाठ लागते की पाय, यावर आमच्यात वाद होता. मी फोन ट्रायपॉडवर दांडीच्या बाजूला ठेवून फोकस लॉक केला. चित्रणात टाच लागताना स्पष्ट दिसली. आता तो कंबर पार होताच पाय उचलण्याचा सराव करतो आहे.

संपादन करताना प्रोजेक्ट ३० फ्रेमचा घ्यावा आणि वेग २५ टक्के ठेवावा. धाव नेहमीच्या वेगातच राहू द्यावी. फक्त उडी संथ करावी. सगळेच संथ केले, तर महत्त्वाचा क्षण कोणता हे पाहणाऱ्याला कळत नाही. ड्रिलमधील पावले किंवा बॉक्सिंगमधील बचाव तपासायलाही हीच पद्धत चालते.