स्वस्त चित्र आणि तरुण चित्रकार

मुंबईच्या चित्रकलेची वार्ता सामान्य माणसाच्या कानीं पडते ती बहुधा लिलावाच्या निमित्तानें. हुसेन यांनीं १९५४ सालीं रंगविलेलें ‘ग्रामयात्रा’ हें चित्र मार्च २०२५ मध्यें न्यूयॉर्क येथें सुमारें १३८ लाख डॉलरांस विकलें गेलें, हें वृत्त पुष्कळांनीं वाचलें असेल. असें कांहीं वाचलें म्हणजे गृहस्थ थक्क होतो, आणि चित्र ही आपल्यासारख्यांनीं विकत घेण्याची वस्तु नव्हे असें मनाशीं ठरवून मोकळा होतो. त्याची भिंत कोरी राहिली तर त्याचें स्वतःचें फारसें बिघडत नाहीं. बिघडतें तें त्याच शहरांतील, कलाशाळेंतून नुकत्याच बाहेर पडलेल्या तरुणाचें.

सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळा मुंबईंत १८५७ सालीं निघाली आणि बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ सालीं. म्हणजे शिक्षणाची सोय व प्रदर्शनाची सोय या दोन्ही गोष्टी या शहरांत जुन्याच आहेत. अडचण आहे ती शाळा सुटल्यापासून नांव होईपर्यंतच्या आठदहा वर्षांची. या काळांत रंग आणि कागद विकत घ्यावे लागतात, खोलीचें भाडें चुकत नाहीं, आणि दालनांत चित्रें मांडावयाचीं तर कोठें जागेचें भाडें, कोठें विक्रीच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत दलाली. जहांगीर कलादालनासारख्या नामांकित जागेसाठीं तर वर्षानुवर्षें वाट पाहावी लागते. मग तो तरुण जाहिरातीच्या कचेरींत शिरतो किंवा मुलांचे चित्रकलेचे वर्ग घेतो. या धंद्यांत कमीपणा मुळींच नाहीं. परंतु दिवसभर दुसऱ्याच्या सांगण्यावरून चालणारा हात रात्रीं स्वतःसाठीं चालेलच, असें कोणीं सांगावें?

आज ज्यांचीं चित्रें कोटींनीं मोजलीं जातात त्यांनाही हीं वर्षें काढावीं लागलीं. १९४७ सालीं सूझा, रझा, आरा, हुसेन, गाडे आणि बाकरे या सहा जणांनीं मुंबईंत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रूप स्थापन केला. त्यांपैकीं आरा यांनीं घरगडी म्हणून राबून आणि मोटारी धुवून पोट भरलेलें. हुसेन यांनीं सिनेमाचे फलक रंगविलेले आणि मुलांच्या खेळण्यांचे नमुने काढलेले. त्यांना हात दिला तो मूठभर रसिकांनीं. नाझी राजवटीमुळें मध्य युरोपास पारखे होऊन मुंबईंत राहिलेले लँगहॅमर, फॉन लायडन आणि श्लेसिंजर हे तिघे त्यांत प्रमुख. लँगहॅमर मार्ग दाखवीत, लायडन वर्तमानपत्रांतून लिहीत, आणि श्लेसिंजर सरळ विकत घेत. तिघांत तिसऱ्याचें काम सर्वांत कमी वर्णिलें जातें, पण चित्रकाराच्या चुलीशीं त्याचाच संबंध अधिक. केकू गांधी यांचा मूळ धंदा चित्रांच्या चौकटी बनविण्याचा. त्यांनीं या मंडळींचीं चित्रें आपल्या दुकानांत टांगलीं, आणि पुढें १९६३ सालीं जहांगीरच्या माडीवर स्वतंत्र दालन काढलें. युक्ति साधी, परंतु जो माणूस चित्र पाहावयास मुद्दाम कधींच गेला नसता, त्याच्यापुढें चित्र आपण होऊन आलें.

फूटपाथवरील विक्रीचें मर्म हेंच आहे. जहांगीर कलादालन १९५२ सालीं उघडलें, आणि त्याच्या बाहेरील फूटपाथवर अनेक वर्षांपासून चित्रकार आपलीं कामें मांडून बसत आले आहेत. (ज्या अश्वारूढ पुतळ्यावरून या भागास काळा घोडा म्हणतात, तो १९६५ सालींच येथून हलविला गेला, २०१७ सालीं नवा घोडा आला, तो मात्र स्वारावांचून.) १९९९ पासून या परिसरांत कला महोत्सव भरूं लागल्यावर येथें येणाऱ्यांची संख्या वाढली. येथें चित्र स्वस्त पडतें याचें कारण काय? दालनाचें भाडें नाहीं, दलाल नाहीं, बहुधा चौकट नाहीं, आणि आकार लहान. किंमत उतरते ती एवढ्याच गोष्टींतून. मेहनतीचा मोबदला त्यासाठीं कापावा लागत नाहीं. शिवाय झाड निळें कां रंगविलें, असें विचारणारें गिऱ्हाईक समोर उभें असतें, आणि त्यास उत्तर देतां देतां चित्रकारालाही आपण तें तसें कां केलें याचा नीट विचार करावा लागतो.

धोका आहे, तोही सांगितला पाहिजे. गणपति खपतो, धांवते घोडे खपतात, पावसांतील ओला रस्ता खपतो. मग तेंच चित्र शंभर वेळां काढण्याचा मोह होतो. भाडें थकलेल्या माणसास या मोहाबद्दल दोष देणें मला जमत नाहीं. पण ज्यानें चार खपणारीं चित्रें मांडून पांचवें आपल्या मनाचें मांडलें, त्याच्याकडे मी अधिक आशेनें पाहतो, आणि घेणाऱ्यानेंही त्या पांचव्याकडे एकदां पाहावें.

स्वस्ताई दुसऱ्या वाटेनेंही येते, ती म्हणजे छापाची. राजा रविवर्मा यांनीं १८९४ सालीं मुंबईंत शिळाछापखाना काढला, आणि तो पुढें मळवलीस नेला. रंगागणिक वेगळा दगड तयार करून काढलेलीं तीं लक्ष्मीसरस्वतीचीं चित्रें घरोघरीं गेलीं. परंतु दगडावर राबणाऱ्या कारागिरांचीं नांवें घेणाऱ्याला ठाऊक नव्हतीं. आजचा तरुण लिनोलियमचा तुकडा घेऊन स्वतः कोरतो. कोरलेला भाग कागदावर पांढरा राहतो. उरलेल्या उंचवट्यावर रुळानें शाई लावून वर कागद दाबला कीं उलटें चित्र उमटतें. समजा, त्यानें २५ प्रती काढल्या आणि एक ८०० रुपयांस दिली. सर्व खपल्या तर २०,००० रुपये होतात. तेवढ्या किंमतीच्या एकाच चित्रासाठीं एक धनिक शोधावा लागला असता. येथें पंचवीस घरें उघडतात. अशा प्रतीखालीं पेन्सिलीनें ७/२५ असा आंकडा व सही असते, म्हणजे पंचविसांतील सातवी प्रत. आवृत्ति पुरी झाल्यावर ठशावर रेघ ओढून तो निकामी करण्याची चाल आहे. चित्राचा फोटो घेऊन यंत्रांतून काढलेला छाप ही निराळी वस्तु. ती घेण्यास हरकत नाहीं, मात्र ती कोरलेल्या ठशाची प्रत म्हणून घेऊं नये. कोणती आहे, हें विचारण्याचा हक्क गिऱ्हाइकास आहे, आणि प्रामाणिक चित्रकार तो प्रश्न आनंदानें ऐकतो.

पावसाळ्यांत फूटपाथचा हा बाजार बसतो. कागदाचें आणि पाण्याचें वैर जुनें. त्याच दिवसांत जहांगीरमध्यें ‘मान्सून शो’ भरतो, आणि कलाशाळांतून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलांचीं कामें छपराखालीं येतात. आंत जाण्यास पैसे पडत नाहींत. किंमतीची चिठ्ठी लावलेली नसेल तर विचारावयास संकोचूं नये. पुष्कळदां चित्रकार जवळच भिंतीला टेकून उभा असतो.