विश्लेषण : घरात तिजोरी बसवताना नेमके काय पाहावे? चोरापेक्षा चुकीचा स्क्रू अधिक धोक्याचा का?

‘कडीकोयंडा तोडून घरात प्रवेश, कपाटातील ऐवज लंपास’ ही बातमी वर्षानुवर्षे जवळपास याच शब्दांत छापून येते. कपाटाची किल्ली बहुधा गादीखाली, तांदळाच्या डब्यात किंवा देव्हाऱ्यात सापडते. न सापडल्यास कटावणीने दार उचकटायला फार वेळ लागत नाही. सोन्याने २०२५ मध्ये तोळ्याला एक लाख रुपयांचा टप्पा ओलांडल्यापासून ‘घरी एक छोटी तिजोरी असावी’ हा विचार मध्यमवर्गीय घरांतही बळावला आहे. ऑनलाइन मागवलेली डिजिटल तिजोरी दुसऱ्या दिवशी दारात येते आणि फर्निचर करणारा सुतार ती वॉर्डरोबमध्ये ‘बसवून’ देतो. खरी अडचण तिथूनच सुरू होते.

बँकेचे लॉकर असताना घरी तिजोरी कशाला?

लॉकरमधील ऐवजाची संपूर्ण जबाबदारी बँकेवर असते, हा समज अजूनही दूर झालेला नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०२१च्या निकालानंतर रिझर्व्ह बँकेने लॉकरविषयी सुधारित नियम आणले. ते १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याने केलेली फसवणूक यांमुळे नुकसान झाल्यास बँकेचे दायित्व लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पट इतके मर्यादित आहे. भूकंप, पूर, वीज पडणे अशा नैसर्गिक आपत्तीत बँकेचा निष्काळजीपणा नसेल तर तेही नाही. वर्षाला तीन हजार रुपये भाडे असेल तर भरपाईची कमाल मर्यादा तीन लाख, म्हणजे आजच्या भावाने तीन तोळेही नाहीत. शिवाय लॉकरमध्ये रोकड ठेवता येत नाही.

तरीही वर्षातून दोनदा, लग्नाला नाहीतर दिवाळीला, बाहेर निघणाऱ्या दागिन्यांसाठी बँकेची तळघरातली खोलीच बरी. घरच्या तिजोरीचे काम वेगळे आहे. रोजच्या वापरातले मंगळसूत्र, बांगड्या, पासपोर्ट, घराचे खरेदीखत, थोडी रोकड यांच्यासाठी ती असते. सगळेच सोने घरी आणून ठेवण्यासाठी तिजोरी घेणे म्हणजे जोखीम कमी करण्याऐवजी एका ठिकाणी गोळा करणे.

लोखंडी कपाटातला ‘लॉकर’ पुरेसा नाही का?

मराठी घरात लोखंडी कपाटाला कंपनी कुठलीही असो, ‘गोदरेजचे कपाट’च म्हणतात. आर्देशिर गोदरेज यांनी १८९७ मध्ये मुंबईत कुलपांपासून सुरुवात केली, काही वर्षांतच ते तिजोऱ्यांकडे वळले आणि कपाटे १९२०च्या दशकात आली. पण कपाट आणि तिजोरी या मुळात दोन वेगळ्या वस्तू आहेत. कपाटाचा पत्रा साधारण एक मिलिमीटरच्या आतबाहेर असतो आणि आतल्या चोरकप्प्यालाही तोच पत्रा असतो. तो घरातल्या मुलांपासून किंवा पाहुण्यांच्या नजरेपासून ऐवज दूर ठेवतो, एवढेच. दणकट स्क्रू-ड्रायव्हरपुढेही तो टिकेल याची खात्री नाही.

सगळ्या तिजोऱ्या सारख्याच का नसतात?

दुकानात ‘फायरप्रूफ’ आणि ‘सेफ’ हे शब्द एका दमात वापरले जातात. प्रत्यक्षात चोरीला दाद न देणारी तिजोरी आणि आगीला दाद न देणारी तिजोरी यांची बांधणीच निराळी. पहिलीत जाड पोलाद, मजबूत बोल्ट आणि ड्रिलला अडवणारी पट्टी लागते. दुसरीत दोन पत्र्यांमध्ये पाणी धरून ठेवणारे सिमेंट किंवा जिप्समसारखे मिश्रण भरलेले असते. आगीत त्या पाण्याची वाफ होते आणि आतले तापमान काही काळ खाली राहते. कागदपत्रांसाठीच्या प्रचलित चाचणीत बाहेर भट्टी पेटलेली असताना आतले तापमान ठरावीक मिनिटे १७७ अंश सेल्सिअसच्या खाली राहावे लागते. पेन ड्राइव्ह किंवा हार्ड डिस्कला तेवढी उष्णताही सोसत नाही. त्यांच्यासाठीची मर्यादा ५२ अंशांच्या आसपास आहे. सोने वितळायला मात्र एक हजार अंशांहून अधिक उष्णता लागते. त्यामुळे दागिन्यांना चोरीपासून जपायचे आणि कागदांना आगीपासून, हा भेद खरेदीआधी मनाशी स्पष्ट हवा.

भारतात तिजोऱ्यांसाठी ‘आयएस ५५०’ हे भारतीय मानक आहे. युरोपीय मानकानुसार प्रमाणित मालही बाजारात मिळतो. दोन-चार हजार रुपयांच्या डिजिटल पेटीवर बहुधा यातले काहीच नसते. ती हॉटेलच्या खोलीतल्या पेटीची बहीण असते. दाराचे पोलाद जाड आणि बाकी पाच बाजू पातळ, हीही नेहमीची युक्ती. म्हणून नुसते दार उघडून पाहून भागत नाही. तिजोरीचे वजन विचारावे. त्याच आकारात एक पेटी १० किलोची आणि दुसरी ४० किलोची असेल तर फरक लोखंडाचाच असतो.

चोर तिजोरी फोडतो की उचलून नेतो?

छोटी तिजोरी जागेवर फोडण्यापेक्षा चादरीत गुंडाळून नेणे चोराला सोयीचे असते. फोडण्याचे काम मग निवांत करता येते. न जखडलेली तिजोरी म्हणजे चोरासाठी घरमालकाने स्वतः भरून ठेवलेली बॅग. युरोपीय मानकात एक हजार किलोपेक्षा हलक्या स्वतंत्र तिजोरीला जखडण्यासाठी भोक असणे बंधनकारक आहे. घरगुती तिजोरी त्याच्या पाच-दहा टक्केही भरत नाही; तेव्हा ‘चांगली जड आहे, हलणार नाही’ या समाधानाला अर्थ नाही.

तिजोरीच्या तळाला आणि पाठीला कारखान्यातच भोके पाडलेली असतात. त्यांतून आतल्या बाजूने फास्टनर, म्हणजे काँक्रीटमध्ये फुलून बसणारे बोल्ट, कसायचे असतात. दार बंद झाले की बोल्टचे डोके बाहेरून हाती लागत नाही.

मग नेमके चुकते कुठे?

सर्वाधिक चूक वॉर्डरोबमध्ये होते. सुतार तिजोरी फळीवर ठेवतो आणि लाकडी स्क्रूने प्लायवूडला पिळतो. वरून सारे भक्कम दिसते. कटावणीचा एक हिसका बसला की स्क्रू प्लायसकट बाहेर येतात. प्लायवूड आड येत असेल तर त्यातून आरपार जाऊन बोल्ट मागच्या भिंतीत पुरेसा खोल गेला पाहिजे. प्लाय आणि भिंत यांच्यात पोकळी असेल तर ती आधी भरायला हवी. नाहीतर बोल्ट कसताना तिजोरीची पाठ वाकते. भिंतीच्या तळाशी फरशीची पट्टी असली तरी हाच प्रकार होतो.

दुसरी चूक जमिनीत होते आणि ती दिसतही नाही. फ्लॅटमध्ये टाइल आणि तिच्याखालचा मसाला मिळून पाच-सात सेंटिमीटर सहज जातात. साठ मिलिमीटरचा फास्टनर जमिनीत ठोकला की तो स्लॅबपर्यंत पोहोचतच नाही, टाइलखालच्या भुसभुशीत थरात फुलतो. लांब बोल्ट घ्यावा तर स्लॅबमधल्या विजेच्या नळ्या आडव्या येण्याची शक्यता. काही नव्या इमारतींत ताण दिलेल्या पोलादी तारांचे, म्हणजे पोस्ट-टेन्शन स्लॅब असतात. तिथे बिल्डरच्या नकाशाशिवाय ड्रिल लावणे हा थेट इमारतीशी खेळ आहे. न्हाणीघरालगतची जमीन जलरोधक थरामुळे टाळलेली बरी. तळमजल्याच्या बंगल्यात किंवा गावाकडच्या घरात मात्र जोत्याच्या काँक्रीटमध्ये जखडण्यासारखे दुसरे सुख नाही.

फ्लॅटमध्ये म्हणूनच भिंत बरी. पण कोणती? नव्या टॉवरमध्ये ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या सलग काँक्रीटच्या भिंती असतात, त्या उत्तम. पक्क्या विटांची नऊ इंची भिंतही चालते. खोल्यांमधली साडेचार इंची भिंत मात्र हिसक्याने तडकू शकते. ‘सिपोरेक्स’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हलक्या ब्लॉकमध्ये साधा फास्टनर फुलताना ब्लॉकच भुगा होतो; तिथे रसायन भरून बसवायचे अँकर किंवा आरपार बोल्ट आणि पलीकडे लोखंडी पट्टी हाच मार्ग. पुण्या-साताऱ्याकडच्या जुन्या वाड्यांत पांढऱ्या मातीच्या भिंती असतात. त्या कितीही रुंद असल्या तरी बोल्टला धरत नाहीत. भिंतीत कोनाडे, फडताळे आणि बळदे ठेवणाऱ्या पूर्वजांचा भर जखडण्यापेक्षा लपवण्यावर होता, तो काही उगाच नव्हे.

कोणताही बोल्ट असो, भोकातली धूळ फुंकून काढल्याशिवाय तो नीट धरत नाही. हे पाच सेकंदांचे काम बहुतेक वेळा राहून जाते.

कोपऱ्यात ठेवावी की भिंतीत गाडावी?

कोपरा चांगला. दोन बाजूंनी भिंत असली की कटावणी घालायला जागा उरत नाही. मात्र दार पूर्ण उघडेल का, हे बिजागरीची बाजू पाहून आधीच ठरवावे. तिजोरीचे दार वॉर्डरोबच्या कडेला अडते आणि आतला खण बाहेरच निघत नाही, असे बसवून झाल्यावर कळते. भिंतीत गाडण्याची तिजोरी तसबिरीमागे झाकता येते, पण तिला भिंतीची खोली लागते. फ्लॅटमध्ये ती मिळत नाही. कॉलम किंवा बीम यांना तर छिन्नीही लावू नये. भिंत फोडायची असल्यास सोसायटीची लेखी परवानगी आणि इंजिनीअरचा सल्ला घ्यावा लागतो.

वजनाचा प्रश्न छोट्या तिजोरीला फारसा नाही. निवासी खोलीचा स्लॅब दर चौरस मीटरला साधारण २०० किलो वापरभार गृहीत धरून आखला जातो. ५०-६० किलोंची पेटी त्यात बसते. आजोबांच्या पेढीतली तीन-चारशे किलोंची तिजोरी हौसेने चौथ्या मजल्यावर चढवायची तर ती खोलीच्या मध्यावर नको, भिंतीलगत बीमजवळ हवी. तीही इंजिनीअरला विचारून.

उंचीचाही विचार हवा. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. सांगली-कोल्हापूरने २०१९ मध्ये आणि चिपळूणने २०२१ मध्ये घराघरांत पाणी पाहिले. आगीला टिकणारी तिजोरी पाण्याला टिकतेच असे नाही. पूररेषेजवळच्या तळमजल्यावर जमिनीला जखडलेली तिजोरी म्हणजे कागदपत्रांची कबर. कोकणात पूर नसला तरी दमटपणा आहेच, आणि आगरोधक तिजोरीच्या भरावातील ओल त्यात भर घालते. कागद प्लास्टिकच्या पाकिटात, मोती वेगळ्या डबीत आणि सिलिका जेलच्या पुड्या दर काही महिन्यांनी बदललेल्या, एवढे तरी पाळावे लागते.

किल्ली, आकडे की बोटाचा ठसा?

किल्लीचे कुलूप बिघडत नाही. किल्ली मात्र हरवते किंवा सापडते, आणि सापडणे अधिक वाईट. आकड्यांच्या कुलपात बॅटरी लागते. ती संपली तर उघडण्यासाठी दिलेली आणीबाणीची किल्ली तिजोरीतच ठेवणारे लोक कमी नाहीत. स्वस्त डिजिटल पेट्यांतील विजेच्या चुंबकावर चालणारी खिट्टी जोरदार ठोक्याने सरकू शकते. मोटरवर चालणारे कुलूप त्यापेक्षा भरवशाचे. बोटाचा ठसा सोयीचा वाटतो, पण भांडी-शेतीच्या कामाने किंवा वयाने झिजलेले ठसे यंत्र ओळखत नाही. घरातल्या आजींना ती तिजोरी परकीच राहते. कारखान्यातून आलेला सांकेतिक आकडा पहिल्याच दिवशी बदलावा, आणि नवा आकडा दार उघडे ठेवूनच चार-पाच वेळा तपासावा. दार लावून तपासणाऱ्यांना तंत्रज्ञाची वाट पाहावी लागते.

विमा आणि प्राप्तिकराचे काय?

घरी तिजोरी आहे म्हणून दागिन्यांना आपोआप विमासंरक्षण मिळत नाही. एप्रिल २०२१ पासून मिळणारी ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी मुख्यतः आग व तत्सम संकटांसाठी आहे. दागिन्यांसारख्या मौल्यवान वस्तूंसाठी वेगळे ऐच्छिक संरक्षण घ्यावे लागते. घरफोडीच्या अनेक पॉलिसींत जबरदस्तीने प्रवेश केल्याच्या खुणा लागतात, आणि घरातच ठेवलेल्या किल्लीने तिजोरी उघडली गेल्यास दावा नाकारण्याची अट असते. दागिन्यांची छायाचित्रे, पावत्या आणि मूल्यांकन यांची प्रत तिजोरीबाहेर ठेवणे म्हणूनच गरजेचे.

घरात सोने किती असावे यावर कायद्याची मर्यादा नाही. १९९४ च्या सूचनेनुसार प्राप्तिकराच्या झडतीत विवाहितेचे ५००, अविवाहितेचे २५० आणि पुरुषाचे १०० ग्रॅमपर्यंतचे दागिने जप्त केले जात नाहीत. त्याहून अधिक असल्यास त्याचा स्रोत सांगता आला पाहिजे. रोकडीलाही तोच न्याय.

कोणाला सांगायचे?

तिजोरी बसवणारा, तिची खोकी खाली नेणारा, वॉर्डरोब करणारा अशा चार जणांना ती घरात असल्याचे ठाऊक होतेच. रिकामे खोके छापील नावासह कचऱ्यात टाकणे म्हणजे पाचव्याला निमंत्रण. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांच्या बाबतीत धोका वेगळा आहे. तिजोरी फुटत नसेल तर चोर ती उघडणाऱ्याकडे वळतो. अशा वेळी आकडा सांगून टाकणे हेच शहाणपण. त्यासाठीच मोठा ऐवज बँकेत आणि घरी थोडका, ही विभागणी कामी येते.

याउलट, कोणालाच न सांगण्याचीही किंमत असते. बँकेच्या लॉकरला नामनिर्देशन असते. १ नोव्हेंबर २०२५ पासून चार जणांची नावे क्रमाने देता येतात. घरच्या तिजोरीला अशी सोय नाही. आकडा एकालाच ठाऊक आणि तो माणूस अचानक गेला, तर तेराव्यानंतर भावंडे बंद तिजोरीसमोर बसतात आणि आत काय आहे यावरूनच संशय सुरू होतो. कंपनीचा तंत्रज्ञ येतो, पण तो खरेदीची पावती, अनुक्रमांक आणि मालकाचे ओळखपत्र मागतो. ती पावती बहुतेक घरांत तिजोरीतच ठेवलेली असते.