मुलांचे फोटो आणि आपली घाई

मंडळी, साहित्याच्या व्यासपीठावरून एका होमिओपॅथ डॉक्टरने फोटोंवर बोलावे, याचे नवल वाटेल. पण तान्हे मूल आपले दुखणे शब्दांत सांगत नाही. ते चेहऱ्यावरून ओळखावे लागते. हानेमान यांनी १८१० सालच्या ‘ऑर्गेनॉन’मध्ये वैद्याकडून पूर्वग्रह नसलेल्या निरीक्षणाची अपेक्षा केली. मुलांचे फोटो काढताना मला तीच सवय उपयोगी पडली.

१८३९ साली दागेर यांचे तंत्र जाहीर झाले, तेव्हा एका चित्राला काही मिनिटे लागत. पुढे हा वेळ सेकंदांवर आला, तरी मूल हलले की चेहरा पुसट होई. म्हणून त्या काळी युरोपातल्या स्टुडिओंत आई अंगावर कापड घेऊन लपे आणि बाळाला धरून बसे. कॅमेऱ्याची ती अडचण केव्हाच संपली. ‘हलू नकोस, इकडे बघ, हस’ हा हुकूम मात्र आपण अजून सोडलेला नाही.

हुकमाने खरे हसू का येत नाही, याचे उत्तर फ्रेंच वैद्य ड्युशेन यांनी १८६२ साली दिले. ओठांचे कोपरे ओढणारा स्नायू आपले ऐकतो. डोळ्यांभोवतीचा स्नायू मात्र आनंद झाल्याशिवाय सहसा हलत नाही. डार्विन यांनीही १८७२ सालच्या भावदर्शनावरील ग्रंथात ड्युशेन यांची छायाचित्रे वापरली. सांगून हसवलेल्या मुलाचे दात दिसतात, डोळे हसत नाहीत, ते यामुळेच.

मग करावे काय? मुलाला काहीतरी काम द्यावे. शेंगा सोलू द्याव्यात, झाडांना पाणी घालू द्यावे. आपण जमिनीवर बसावे, म्हणजे कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर येतो. फ्लॅश बंद ठेवून खिडकीचा उजेड एका बाजूने घ्यावा. बसलेल्या मुलासाठी शटर १/२५० सेकंद, धावणाऱ्यासाठी १/५०० किंवा त्याहून जलद ठेवावा. पहिली दहा मिनिटे एकही फोटो काढू नये. मूल कॅमेरा विसरते. आणि हसूच हवे असा हट्ट नको. रुसवा, कुतूहल, कंटाळा हेही त्याचेच चेहरे. ते ‘नको’ म्हणाले, तर कॅमेरा खाली ठेवावा.

माझा धाकटा भाऊ सातव्या वर्षी गेला. त्याचा एकच फोटो घरात आहे, स्टुडिओतला. उसन्या कोटात, खुर्चीच्या कडेला, भेदरलेल्या डोळ्यांनी तो बसला आहे. आई तो फोटो रोज पुसायची आणि म्हणायची, “तो असा कधी बसायचाच नाही रे.” त्याचे धावणे, चिडवणे, गालातल्या गालात हसणे आईच्या आठवणीत होते, आई गेली, तेही गेले. आता मीही त्याला आठवू लागलो, की तो कोटच आधी डोळ्यांपुढे येतो.

दिवाळीला नातवंडे घरी येतील. त्यांना ओळीने उभे करण्याआधी थोडा वेळ त्यांच्याजवळ खाली बसा.