थंड उजेड आणि २०० व्होल्ट



आमच्या युनियनमधल्या एका फिटरने चालू यंत्रावरील छोट्या पिवळ्या पडद्याचे मागचे झाकण उघडले. काच हाताला थंड लागत होती. तेव्हा आत विजेचा फारसा जोर नसेल, असे तो समजला. झटक्यासरशी तो शिडीवरून खाली आला व मनगट मोडून बसला. मालकाने कागदावर ‘निष्काळजीपणा’ लिहिले. मी जेमतेम सातवी शिकलेला. पण भांडायचे तर तो पडदा आधी समजून घेणे भाग होते.

दिव्यात तार तापते म्हणून उजेड पडतो. या पडद्यात उजेडासाठी काही तापवावे लागत नाही. १९३६ साली फ्रान्समध्ये जॉर्ज देस्त्रिओ यांनी झिंक सल्फाइडची भुकटी एरंडेलात कालवून तिला उलटसुलट विजेचा दाब दिला, तेव्हा ती उजळली. (एरंडेलाचा इतका चांगला उपयोग आमच्या लहानपणी कोणी केला नाही!)

पुढे भुकटीच्या जागी पातळ थर आला. झिंक सल्फाइडमध्ये किंचित मँगेनीज, त्याच्या दोन्ही अंगांना वीज अडवणारे थर, आणि बाहेरून विजेच्या पट्ट्या. पाहणाऱ्याच्या बाजूच्या पट्ट्या पारदर्शक. मधला सारा पुडा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास! एवढ्याशा जाडीवर सुमारे २०० व्होल्ट दिले, की सेंटिमीटरला पंधरा-वीस लाख व्होल्ट या प्रमाणात ताण पडतो. त्या ताणाने इलेक्ट्रॉन सुसाट सुटतात, मँगेनीजच्या अणूंवर आदळतात, आणि अणूंना मिळालेली शक्ती पिवळसर नारिंगी उजेड होऊन बाहेर पडते. पलीकडच्या थराशी इलेक्ट्रॉन अडले, की उजेड मावळतो. म्हणून विजेची दिशा सारखी उलटवावी लागते.

पट्ट्या एका बाजूला उभ्या, दुसऱ्या बाजूला आडव्या. एकीचा दाब पुरत नाही. दोघींचा मिळून पुरतो, आणि जिथे त्या एकमेकींना छेदतात तेवढाच ठिपका उजळतो. युनियनवाल्याला हे समजायला वेळ लागला नाही.

खरी कसोटी अडवणाऱ्या थरांची. त्यात बारीकसे छिद्र राहिले, तरी तिथे पडदा जळतो. १९७४ साली जपानात शार्प कंपनीच्या तोशिओ इनोगुची यांनी असा दोन थरांत कोंडलेला टिकाऊ पडदा दाखवला. त्याच साली फिनलंडमध्ये तुओमो सुन्तोला यांनी अणूंचे पदर एकावर एक चढवण्याची रीत काढली. तिच्यामुळे थर निर्दोष होऊ लागले, आणि १९८३ मध्ये हेलसिंकीच्या विमानतळावर अशा पडद्यांचा फलक लागला.

चौकशीत मी एवढेच विचारले : आत २०० व्होल्ट आहेत, हे झाकणावर कुठे लिहिले होते? ‘निष्काळजीपणा’ हा शब्द खोडला गेला. आता तिथे मराठीत पाटी आहे.