परिचारिका घडते कशी

गर्भवतीच्या उदरावर हात ठेवून आतल्या बाळाचे डोके कोठे आहे व पाठ कोणत्या बाजूस आहे हे ओळखण्याची विद्या पुस्तकातून सांगता येते, परंतु पुस्तकातून शिकता येत नाही. आणि परिचर्येचे शिक्षण अल्प खर्चात सर्वत्र कसे पोचवावे याचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने हा भेद प्रथम ध्यानात घेतला पाहिजे. पूर्व विदर्भातील एका सरकारी रुग्णालयाला जोडलेल्या परिचर्या शाळेचे काम जवळून पाहण्याची संधी मला मिळाली, तेव्हा या भेदाचे मोल मला प्रत्यक्ष कळले. सहाय्यकारी परिचारिका प्रसाविका, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेला ए.एन.एम., हा तेथील अभ्यासक्रम दोन वर्षांचा असून त्यातील शेवटचे सहा महिने प्रत्यक्ष सेवेचे असतात. बारावी उत्तीर्ण झालेल्या, बहुतेक शेतकरी व शेतमजुरांच्या घरांतून आलेल्या मुली तेथे शिकत होत्या.

प्रसूतिपूर्व तपासणीच्या दिवशी पाठ्यनिर्देशिका बाई एकेका विद्यार्थिनीला खाटेपाशी बोलावीत. गर्भवतीला लघवीला जाऊन येण्यास सांगणे, पडदा ओढणे, गुडघे किंचित दुमडून निजवणे, स्वतःचे तळवे एकमेकांवर घासून ऊबदार करणे, आणि मगच पोटाला स्पर्श करणे, हा क्रम त्या एकदाही मोडू देत नसत. एका मुलीने फीटोस्कोप, म्हणजे गर्भाचे ठोके ऐकण्याची नळी, लावून, घड्याळाकडे पाहत पूर्ण मिनिटभर मोजून सांगितले, “मॅडम, शहाऐंशी आले.” गर्भाचे ठोके सामान्यतः मिनिटाला १२० ते १६० असतात. बाई रागावल्या नाहीत. “एका हातानं ताईंचं मनगट धर गं, आणि आता पुन्हा ऐक,” एवढेच त्या म्हणाल्या. मनगटावरची नाडी आणि कानात पडणारा ठोका एकाच लयीत चालले आहेत, म्हणजे आपण बाळाचे नव्हे तर आईचेच हृदय मोजले, हे त्या मुलीच्या आपसूक ध्यानात आले. तिने बाळाच्या पाठीची बाजू पुन्हा चाचपली, नळी थोडी खाली सरकवली, आणि या वेळी संख्या १४४ आली. बाईंनी स्वतः कान लावून ती पडताळली व मगच कार्यपुस्तिकेवर सही केली.

एका विद्यार्थिनीसाठी एवढा वेळ गेला, आणि तो जाणे आवश्यकच होते. भारतीय परिचर्या परिषदेने दहा विद्यार्थिनींमागे एक शिक्षिका असे प्रमाण ठरवले आहे ते याचसाठी. जेथे एकाच छोट्या रुग्णालयावर अनेक शाळा अवलंबून असतात, तेथे एका प्रसूतीभोवती विद्यार्थिनींचा घोळका जमतो, आणि पाहिलेल्या प्रसूतीची नोंद केलेल्या प्रसूतीच्या रकान्यात होण्याचा मोह उत्पन्न होतो. अशा शाळेतून सनद मिळेल, पण हात मिळणार नाही.

रुग्णालयाइतकेच शिक्षण गावात होते. अंगणवाडीतील लसीकरण सत्रात मी पाहिलेली विद्यार्थिनी लसवाहक पेटी उघडताना प्रत्येक कुपीवरील उष्णतादर्शक खुणेचा रंग तपासत होती, फोडलेल्या कुपीवर वेळ लिहीत होती, कारण बीसीजी व गोवर-रुबेलाची लस फोडल्यानंतर चार तासांपलीकडे वापरावयाची नसते. दीड महिन्याच्या नातवाला घेऊन आलेली एक आजी, लस टोचल्यावर ताप येतो म्हणून परत फिरू लागली, तेव्हा त्या मुलीने तिच्याशी गोंडीतून बोलणे आरंभिले. ताप का येतो, किती राहतो, कोणती गोळी किती द्यावयाची, पुढची लस केव्हा, आणि टोचल्यानंतर अर्धा तास येथेच का बसावयाचे, हे सारे तिने शांतपणे सांगितले, आणि आजीने बाळ तिच्या पुढ्यात धरले. हे कार्य परजिल्ह्यातून नाइलाजाने रुजू झालेल्या व बदलीची वाट पाहणाऱ्या कर्मचाऱ्याकडून इतक्या सहजतेने झाले नसते.

समाजातल्याच स्त्रियांना प्रत्यक्ष सेवेतून शिकवण्याची ही दृष्टी या देशात नवी नाही. रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सेवासदनाने, परिचर्या हे कुलीन स्त्रियांचे काम नव्हे असे समाज मानीत असतानाही, ससून रुग्णालयात स्त्रियांना हे शिक्षण देण्याची तजवीज केली. आरोग्यव्यवस्थेचा आढावा घेणाऱ्या भोर समितीने १९४६ च्या आपल्या अहवालात परिचारिकांच्या दुर्भिक्ष्याकडे शासनाचे लक्ष वेधले; पुढे १९७३ च्या कर्तारसिंग समितीनंतर ए.एन.एम. ही बहुउद्देशीय आरोग्यसेविका झाली, आणि सपाट प्रदेशात ५,००० तर डोंगरी व आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येचे उपकेंद्र तिच्या स्वाधीन झाले. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच अल्पशिक्षित स्त्रियांना नवजात बालकांच्या घरगुती देखभालीचे शिक्षण देऊन बालमृत्यू कसे घटवता येतात हे दाखवले, व त्यांचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्या स्त्रियांच्या कामावर सतत देखरेख होती, हे त्या यशाचे मर्म आहे.

आता खर्चाचा प्रश्न. सरकारी शाळेचे शुल्क अल्प असते. तथापि शुल्क म्हणजे संपूर्ण खर्च नव्हे. गणवेश, बूट, पुस्तके, मेसचे पैसे, गावभेटीचे एस.टी.भाडे, नोंदणीची फी, आणि दोन वर्षे घरात न आलेली मुलीची मजुरी, या सर्वांचा हिशेब शेतमजुराच्या घरात होतो. सरकारी जागा थोड्या असल्यामुळे उरलेल्या मुली खासगी शाळेकडे वळतात, आणि तेथे पुष्कळांना कर्ज काढावे लागते. कर्ज घेऊन शिकलेल्या मुलीने शहरातील अथवा परदेशातील अधिक वेतनाची नोकरी पत्करली, तर तिला दोष देण्याचा अधिकार आपणांस नाही.

केंद्र सरकारने २०२३ मध्ये वैद्यकीय महाविद्यालयांच्या जोडीने १५७ नवी परिचर्या महाविद्यालये काढण्यास मंजुरी दिली, ही स्वागतार्ह गोष्ट आहे, कारण रुग्ण व शिक्षिका दोन्ही तेथे जवळ असतात. परंतु महाविद्यालयाची पदवी उपकेंद्राची उणीव एकटीने भरून काढणार नाही. त्यासाठी जिल्हा व उपजिल्हा रुग्णालयांना जोडलेल्या शाळा, कायम भरलेली शिक्षिकांची पदे, मुलींचे सुरक्षित वसतिगृह, भोजनासह विद्यावेतन आणि ज्या तालुक्यात सेवेची निकड आहे तेथील मुलींना प्रवेशात अग्रक्रम, अशी तरतूद हवी. खर्चाची काटकसर विद्यार्थिनीच्या वाट्याला आलेल्या भारात करावी. शिक्षिकेच्या वेळेत आणि रुग्णाजवळच्या अभ्यासात ती कदापि करू नये. विधिमंडळात व जिल्हा परिषदेत आपण ज्यांना निवडून पाठवतो, त्यांना नव्या शाळांची संख्या विचारण्यापूर्वी, त्या शाळेत शिक्षिका किती नेमल्या व कर्जावाचून किती मुली शिकल्या, एवढे दोन प्रश्न प्रत्येक नागरिकाने अवश्य विचारावेत.